विहारात दिलेला शब्द

दुसऱ्याचा खर्रा सोडवायला निघालेल्या बाईनं आधी आपलं घर बघावं, असं आंजी गावातल्या बायका नलूला तोंडावर म्हणायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. नलूचा थोरला भाऊ तानबा डोळे उघडले की तंबाखू-सुपारीचा खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत घोटायला बसे, आणि पन्नी घासल्याच्या आवाजानंच घर जागं होई. पण आईबाप गेल्यावर त्यानंच नलूला शिकवलं होतं, आणि नवऱ्यानं टाकल्यावर एक शब्द न विचारता घरात घेतलं होतं.

म्हणून शहरातून विवेक सर संशोधन घेऊन आले, तेव्हा नलूनं त्यांच्यासाठी घरोघर फिरायचं काम पगारासाठी कमी आणि तानबासाठी जास्त धरलं. खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर होतो हे काय लोकांना ठाऊक नसतं? सरांना तपासायचं होतं ते हे, की कोणत्या उपायानं माणूस तो खरोखर सोडतो. एका गावात मोबाइलवर रोजची आठवण, दुसऱ्या गावात सडलेल्या जबड्यांची चित्रं, आणि आंजीत चारचौघांसमोर शब्द द्यायचा. तो शब्द बुद्धविहारात, पंचशील म्हणून झाल्यावर घ्यावा, हे नलूचं डोकं. नशा करणार नाही हे आपण म्हणतोच, त्यात खर्ऱ्याचं नाव घालायचं. सर खूश झाले.

सगळ्यांत आधी तानबा उठला. हात जोडून, मूर्तीसमोर, मोठ्यानं म्हणाला. नलूला सगळ्यांदेखत रडू कोसळलं.

पुढं दर भेटीत जो तो सांगे, सुटला. पानठेल्यावरची गर्दी काही हटली नव्हती, पण ती बाहेरगावची असेल अशी नलूनं मनाची समजूत घातली. आपल्याला बरं वाटेल तेवढंच दिसतं हो माणसाला. तानबा घरात पन्नी काढत नसे, एवढं तिला पुरत होतं. भाकर सोडून तो पातळ वरणभातावर आला, दाढ दुखते म्हणाला, तर तिनं त्याला लवंग दिली. लवंग! वर्षभर ती बिचारी लवंगच देत राहिली.

मग एके दिवशी त्याच्या तोंडात चमचाही जाईना, तेव्हा तिनं त्याला ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. गाठ मानेत उतरली होती. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

"काऊन नाई सांगतलं दादा?" नलूनं विचारलं.

तानबाचे शब्द दातांतूनच आले. "शेतात खातच होतो मी. पन विहारात शब्द देल्ला होता. तू बाजूले उभी होती. सांगतलं असतं तं तुयी मान खाली गेली असती साऱ्या गावात."

नलूला वाटलं, हा उपाय नव्हता, आपणच त्याच्या तोंडाला कुलूप घातलं. तानबा गेला. त्याचे दिवस झाल्यावर ती विवेक सरांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. माणूस चांगला होता, त्यानं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला की सगळ्या गावांत आंजीचाच निकाल सर्वांत चांगला आलाय, आणि आता पुढच्या गावांत विहारातच शब्द घ्यायचं ठरतंय. तानबासारखे आणखी आहेत का, हे कळल्याशिवाय तो कशाच्या जोरावर थांबवणार?

तेव्हा नलू पुन्हा घरोघर निघाली. पहिलं घर नत्थूजीचं, विहारात तानबाच्या शेजारी बसला होता तो. शब्दाचं राहू द्या, मी कोणाले सांगत नाई, फक्त तोंड उघडून दाखवा, अशी तिनं विनवणी केली. तानबाच्या आठवणीनं नत्थूजीचे डोळे भरून आले. ओठावर रुमाल धरून तो म्हणाला, "सुटला बाई. तवाच सुटला."

संध्याकाळपर्यंत ती सगळं गाव फिरली. प्रत्येक घरी तिला बसायला दिलं, तानबाची आठवण निघाली, चहा झाला. तोंड एकानंही उघडलं नाही.