तळ्यात जाणारा रस्ता

अप्पांनी उभ्या आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नाही. चुकले तरी नाही. "इचारायचं कशाला, बाई? रस्ता काय पळून चाललाय?" म्हणायचे आणि गाडी पुढं दामटायचे. मी नांदेडची डॉक्टर. दर गुरुवारी चाकूर आणि आसपासच्या खेड्यांत तपासणीला जायची. अकरा वर्षं माझी गाडी अप्पांनीच चालवली. कपाळावर विभूती, बाह्या दुमडलेल्या, आणि किल्ली फिरवण्याआधी स्टिअरिंगला नमस्कार.

पेशंटचं नुसतं नाव सांगितलं की ते म्हणायचे, "लिंबाजवळचं पिवळं घर, तेच न्हवं?" मग मी मागं खुशाल डोळे मिटायची. अकरा वर्षांत या भागातला एकही फाटा मी नीट बघितला नाही. गरजच काय होती?

अशा माणसानं एके दिवशी म्हणावं, "बाई, ते रस्ता सांगणारं मशीन घेऊ की एखादं." माझ्या मोबाइलवर नकाशा होता, पण चाकूरच्या पुढं रेंज जायची, हे खरं. तरी मी चेष्टा केलीच, म्हातारपणी गुरू करता का म्हणून. अप्पा हसले नाहीत. मला तिथंच कळायला हवं होतं. डॉक्टर म्हणे!

नांदेडच्या दुकानात मालकानं तीन यंत्रं मांडली आणि पडदा किती मोठा, आवाज किती गोड, हे सांगत सुटला. अप्पांची परीक्षा एकच होती. "आमची वाडी दाखव." पहिल्याला वाडी ठाऊकच नव्हती. दुसऱ्यानं त्याच नावाचं कर्नाटकातलं गाव काढलं. तिसऱ्यानं वाडी बरोबर दाखवली, पण रस्ता जुना. फाट्यावरून उजवीकडं जाणारा, जिथं आता साठवण तलाव झालाय. अप्पांनी तेच घेतलं. "गाव तर वळखलं. रस्ता शिकवू त्याला."

मग कंपनीला फोन सुरू झाले. आधी वाट बघायला लावणारी गाणी, मग दर वेळी नवीच मुलगी, आणि अप्पा तळ्याची हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगणार. मुलगी पिनकोड विचारायची. अप्पा विचारायचे, "जेवलीस का माय?" मी वैतागून म्हणायची, स्वतःच्या गावचा रस्ता तुम्हाला मशीननं कशाला सांगायला हवा? ते आरसा पुसत बसायचे. चार महिन्यांनी एकदाचा मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढली आहे. तो मेसेज त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. त्यांचा चेहरा असा खुलला, की नातू झालाय असं वाटावं.

पुढच्याच गुरुवारी चाकूरचं काम लवकर आटोपलं. सूनबाईंनी धपाटे केलेत, घरी चला, अप्पा म्हणाले. महिन्यातून एकदा आम्ही जायचोच. मी नेहमीसारखी डोळे मिटून बसले. गाडी थांबली म्हणून डोळे उघडले, तर समोर पाणी. पुढची चाकं चिखलात, आणि यंत्र शांतपणे सांगतंय, सरळ जा.

मी ओरडणार होते. पण अप्पांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

"दुरुस्त केलं म्हनून मेसेज आलता ना, बाई," ते म्हणाले. यंत्राचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "सा म्हैने झाले. रस्ते डोक्यातून निसटून राहिलेत. म्हनून मशीन मागितलं. दुसरं काई न्हाई, घरचा तेवढा रस्ता ऱ्हावा म्हनून."

रोज दहा माणसं तपासणारी मी, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाकडं कधी बघितलंच नव्हतं. किल्ली त्यांनी आपणहून माझ्या हातात दिली. चिखलातून गाडी मी कशीबशी मागं काढली. फाट्यावर आलो आणि माझी फजिती झाली. शंभरदा येऊनसुद्धा डावीकडं जायचं की सरळ, मला ठाऊक नव्हतं.

अप्पांनी काच खाली केली. शेळ्या घेऊन चाललेल्या म्हातारीला अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "वाडीला कोन्ता रस्ता, माय?"

म्हातारी हसली. "काय थट्टा लावलाव अप्पा? तुमचंच गाव की. डावीकडं."

अप्पाही हसले. मग वाडी येईस्तोवर "डावीकडं, डावीकडं" पुटपुटत राहिले.

त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. यंत्र माझ्या कपाटात पडून आहे. मी अजून महिन्याला एकदा कंपनीला फोन करते, तळ्याची हकिकत सांगते आणि तक्रारीचा नवा नंबर घेते. वाडीचा रस्ता आता मला तोंडपाठ आहे. तरी गुरुवारी फाट्यावर थांबून, काच खाली करून कुणालातरी विचारतेच.

अंगणात बाजेवर अप्पा बसलेले असतात. कधी मला ओळखतात, कधी नाही. पण प्रश्न ठरलेला असतो, रस्ता घावला का?

"विचारावा लागला, अप्पा," मी म्हणते.

"मंग काय झालं?" अप्पा समजूत घालतात. "इचारल्यानं कुनी ल्हान होत न्हाई."