पॉइंटवरची पुळी

आमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त केल्या आणि जन्मभर नाकावर माशी बसू दिली नाही. मागच्या वर्षी त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. त्यातच एका गाडीचा नट त्यांनी तिरका आवळला. झालं! आमच्या ह्यांनी त्यांचं लाकडी स्टूल गॅरेजमधून उचलून घरी आणलं आणि आता आराम करा म्हणाले.

बाबा रोज आंघोळ करून कामाचा शर्ट घालायचे आणि ते स्टूल माझ्या स्वयंपाकघरात मांडून बसायचे. कुकरची शिट्टी नीट वाजत नाही, मिक्सर घरघरतोय. मला त्यांची दया यायची आणि वैतागही यायचा. त्यांना फक्त गॅरेजमध्ये परत बसायचं होतं, हे काय मला कळत नव्हतं?

मग एका निवृत्त नर्सबाईंची पन्नास वर्षांची मोटरसायकल दुरुस्तीला आली. हल्लीच्या गाड्यांत ठिणगीची वेळ इलेक्ट्रॉनिक डबी सांभाळते. जुनीत ते काम दोन धातूच्या टिकल्या करतात, त्यांना पॉइंट म्हणतात. त्या एकमेकींपासून सुटल्या की ठिणगी पडते. ह्यांनी पुस्तकात बघून, मापाची पट्टी घालून अंतर लावलं, तरी किक उलटी यायची. तीन दिवस झाले, पाय सुजला, पण वडिलांना विचारतील तर शपथ.

चौथ्या दिवशी डबा द्यायला जाताना मी बाबांना बरोबर घेतलं. स्टूलही घेतलं. आमच्या घरात माझं ऐकतात.

बाबांनी पॉइंट काढून हातात मागितले, त्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना कळलं.

"एकीवर खड्डा पडलाय, दुसरीवर पुळी आलीय. तुझी पट्टी पुळीला टेकते. म्हणून माप बरोबर दिसतं, पण खरं अंतर जास्त आहे. ठिणगी वेळेआधी पडते."

ह्यांनी वाकून पाहिलं. डोळे चांगले असून तीन दिवस दिसलं नव्हतं.

बारीक कानशीने घासत, नखाने चाचपत बाबांनी टिकल्या सपाट केल्या. ह्यांनी त्या बसवून पुन्हा माप लावलं. मग बाबांना पातळ कागद हवा होता. पूर्वी सिगारेटचा वापरायचे, ती डॉक्टरांनी सोडवली. त्यांनी खिशातली डोळ्यांच्या थेंबांची डबी काढली. आतलं माहितीपत्रक त्यांना वाचता येत नव्हतंच. त्याची पट्टी फाडून टिकल्यांमध्ये धरली आणि ह्यांना चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. टिकल्या सुटल्या की कागद मोकळा होणार, आणि नेमकी तेव्हाच इंजिनावरची खूण रेषेवर यायला हवी. दोनदा जुळलं नाही, तेव्हा टिकल्या बसवलेली प्लेट केसभर सरकवायला लावली. तिसऱ्यांदा कागद बोटांत अलगद सुटला.

"थांब."

ह्यांनी खूण बघितली. अगदी रेषेवर होती. सुजल्या पायाने भीत भीत किक मारली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. माझे डोळे भरून आले. धुराने, असं मी सांगितलं.

निघताना मी स्टूल उचललं, तर ह्यांनी ते माझ्या हातातून घेऊन भिंतीशी, जुन्या जागी ठेवलं.

"इथेच राहू दे. उद्या लागेल."

बाबा म्हणाले, "नट मात्र तूच आवळ."

दुसऱ्या दिवशी माझ्या कुकरच्या शिट्टीला कोणी नावं ठेवली नाहीत. जरा चुकल्यासारखं झालं, पण आनंदच जास्त होता.