मोटर दमत नाही

माझा भाऊ विलास कर्णिक मोठा मासेमार आहे, असं दिल्लीतल्या बऱ्याच मराठी लोकांना वाटतं. मंडळाच्या गणपतीत भेटला की त्याला हमखास कुणीतरी विचारतं, काय विलासराव, यंदा काय लागलं गळाला? मग तो मान जरा तिरकी करतो, दोन क्षण थांबतो आणि सुरू होतो. ते ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मासे दादा पकडत नाही. मासे माझी वहिनी पकडते. दादा होडीत बसलेला असतो, एवढंच.

नणंदेनं भावजयीची बाजू घ्यावी हे आमच्या नातेवाइकांना रुचत नाही. न रुचो.

वहिनीचं नाव सुनीती. माहेर रेवदंड्याचं. मामाची छोटी होडी होती आणि परकर नेसायच्या वयापासून ती खाडीत वल्हं मारायची. लग्न होऊन दिल्लीत आली, परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागली आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाली. बोलते कमी. ऑफिसात तिच्या खोलीत कुणी आवाज चढवत नसे, असं तिच्याबरोबरच्या बायका सांगतात. खांदे मात्र सेक्शन ऑफिसरचे नाहीत. ब्लाऊज शिवायला टाकताना टेलरला दर वेळी बजावावं लागतं, बाही सैल ठेव.

गुडगावच्या पलीकडे, सोहना गावाच्या पुढं, अरवलीच्या पायथ्याशी एक जुना बांध आहे आणि त्यामागं तळं. गावकरी त्याला भूरी झील म्हणतात. तिथं पंचायतीच्या परवानगीनं मासे पकडणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब चालतो. क्लब म्हणजे पत्र्याची शेड, चार लाकडी होड्या आणि सेठी नावाचा सेक्रेटरी. पावसाळा संपून उन्हाची धग उतरली की तिथल्या मल्लीला भूक सुटते. मल्ली म्हणजे खवलं नसलेला, लांबलचक, कानापर्यंत फाटलेल्या तोंडाचा आणि दातांचा मासा. थंडी कडक पडली की ती तळाशी जाऊन बसते, म्हणून त्याआधीचे रविवार महत्त्वाचे. दादा आणि वहिनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षापासून तिथं जातात.

मल्ली पकडायची रीत अशी. बोटभर लांबीचा लाकडी मासा असतो. दादा तो पानिपतच्या भंगारातून आणलेल्या हातमागाच्या लाकडी धोट्यांतून कोरतो, ते त्याला चांगलं जमतं, खोटं कशाला बोलू. त्या माशाच्या हनुवटीखाली प्लॅस्टिकची पातळ जीभ बसवलेली असते. दोरी लांब सोडायची आणि होडी चालवत तो मासा मागून ओढत न्यायचा. जीभ पाणी कापते, लाकडी मासा डोकं खाली घालून खोल जातो आणि वळवळत पोहायला लागतो. होडी जोरात गेली तर तो लोळण घेत वर येतो. फार हळू गेली तर तो म्हणजे नुसती काटकी. म्हणजे गळाची काठी कुणाच्याही हातात असो, तो मासा जिवंत दिसतो वल्ह्यामुळं. आणि वल्हं इतकी वर्षं वहिनीच्या हातात.

मागच्या दोन वर्षांपासून दादानं नवी तक्रार काढली होती. सुनीती वल्हवताना सारखी थांबते. जरा चालवते की थांबते. हे तो तिच्यासमोर, जेवायला बसलेल्या पाहुण्यांना सांगायचा, आणि वर कनवाळू चेहरा करायचा. वहिनी आमटी वाढायची.

यंदा नवरात्राच्या आधी तो करोल बागेत गेला. गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानांतून फिरून बॅटरी आणली आणि कुणाकडून तरी होडीला लावायची छोटी इलेक्ट्रिक मोटर मिळवली. घरी कुणालाही विचारलं नाही. जाहीर केलं ते थेट मंडळाच्या दसऱ्याच्या जेवणात, माइक हातात असताना. "यार, मोटर दमत नाही. मोटर पाठ धरून बसत नाही. आणि मोटरला डबा पण लागत नाही." लोक खो खो हसले. वहिनी पुऱ्या वाढत होती. तिनं समोरच्या ताटात दोन पुऱ्या वाढल्या आणि पुढच्या ताटाकडे गेली.

मी तिथंच त्याला गाठलं. "दादा, तिला विचारलंस?"

"अगं, तिच्या भल्यासाठीच आणलीय. बिचारी सारखी थांबायची. वय झालं आता. काठावर आरामात बसावं, स्वेटर विणावा."

"ती स्वेटर विणत नाही."

"तू ना उत्तरा, प्रत्येक गोष्टीत भांडण काढतेस."

मी काढते. दिल्लीतल्या हिंदूराव हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागं मी आयुष्य काढलं आहे, भांडणाचं मला वावडं नाही. पण त्या दिवशी वहिनीनं माझं कोपर धरून मला बाजूला नेलं आणि म्हणाली, "जेवण गार होतंय." मला तिचाही राग आला. बाईनं इतकं गिळायचं कशाला?

क्लबचा नियम असा की होडीत एकट्यानं जायचं नाही. दादाबरोबर सेठी बसायला लागला. पहिल्या रविवारी वहिनी डबा घेऊन काठावर गेली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. होडी एका सुरात घूं करत तळ्याला चकरा मारत होती. मासा लागला नाही. दुसऱ्या रविवारी ती गेली नाही. मासा लागला नाही. दादा म्हणाला पाणी गढूळ आहे, मग म्हणाला पौर्णिमा जवळ आलीय, मग म्हणाला हल्ली गावातले लोक जाळी टाकतात. मोटर सोडून सगळ्यांना नावं ठेवून झाली.

दिवाळीआधीच्या रविवारी क्लबचा खास दिवस असतो. ज्याची मल्ली मोठी त्याचा फोटो शेडच्या भिंतीवर लागतो. त्याच्या दोन दिवस आधी वहिनीचा मला फोन आला.

"उत्तरा, तुला वल्हवता येतं?"

"वहिनी, मला पोहतासुद्धा येत नाही."

"पोहायचं नाहीये."

"आणि दादा?"

"त्यांच्याकडे मोटर आहे. मला काठी धरायचीय. एकदा तरी. तू वल्हवशील का?"

बाईनं इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर स्वतःला चार शिव्या दिल्या.

सकाळी दादाच्याच गाडीतून निघालो. तो गंमत म्हणून हसत होता. "बिल्कुल जा, फिरून या. फक्त मध्ये येऊ नका." मी खिडकीबाहेर बघत दात आवळून बसले.

लाइफ जॅकेट आणायला मी शेडमध्ये गेले आणि ती भिंत पहिल्यांदा पाहिली. दादा मल्ली धरून. दादा दुसरी मल्ली धरून. काळ्या केसांचा दादा, पांढऱ्या केसांचा दादा, मिशी काढलेला दादा. वहिनी कुठंच नाही. नीट पाहिलं तेव्हा एका फोटोत डाव्या कडेला एक कोपर दिसलं. निळ्या ब्लाऊजची बाही आणि वल्ह्याची मूठ. बाकीची बाई फोटोबाहेर होती. मला ती भिंत खाली ओढावीशी वाटली. जॅकेटला कुबट वास येत होता, तेच रागानं घालून मी होडीत बसले.

वल्हवणारा उलट्या तोंडानं बसतो, हे मला तिथं कळलं. दोरी मागं सोडलेली असते, काठी धरणाराही वल्हवणाऱ्याच्या पुढ्यात, तिकडेच तोंड करून बसतो. म्हणजे इतकी वर्षं वहिनीनं फक्त दादाची पाठ पाहिली. ती स्वतः मात्र आडवी बसली, मी आणि दोरी दोन्ही दिसतील अशी.

सुरुवातीला मी होडी गोल गोल फिरवली. तळहात सोलले. वहिनी ऑफिसातल्या आवाजात सूचना देत होती. डावं कमी. पाणी मारू नकोस, ओढ. झोपलीस का? माझं डोकं तापलं होतं, पण हळूहळू होडी सरळ जायला लागली. दूरवर दादाची होडी घूं करत गेली. सेठीनं हात हलवला. मी हलवला नाही.

तळ्याच्या पार टोकाला, जिथं बांध घालण्यापूर्वी ओढा वाहायचा, तिथं आल्यावर वहिनी म्हणाली, "आता थांब."

"मी दमले नाहीये."

"दमायला नाही थांबायचं. वल्ही उचल."

मी उचलली. होडी जराशी घसरत गेली आणि मंद झाली. वहिनी हलक्या आवाजात सांगू लागली. मल्ली लाकडी माशाच्या मागं मागं येते, पण धावत्या माशावर तोंड टाकायला कचरते. तो एकदम अडखळला, की तिला वाटतं हा मेला आता, आणि ती झडप घालते. म्हणून थांबायचं. पाण्याखालच्या जुन्या ओढ्याच्या वळणावर, प्रत्येक वेळी.

"म्हणजे तू दमून थांबत नव्हतीस?"

"नाही."

"मग दादाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. ते म्हणाले, तू नुसतं वल्हव." ती दोरीकडे बघत होती. "मग मी नुसतं वल्हवलं. चल, उचल हात."

मी असं वल्हं मारलं की होडी हिसका देऊन पुढं गेली. राग कुठं काढणार. पुन्हा वळण आलं, पुन्हा ती म्हणाली थांब, मी थांबले, आणि तिच्या हातातली काठी पाण्यापर्यंत वाकली. वहिनीच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते तिच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ती खूश होती. उघड खूश. खांदे मागं टाकून, ओठ घट्ट मिटून ती मल्ली आणत होती, आणि मी जाळी हातात घेऊन देवाचं नाव घेत होते. मासा आत आला तो माझ्या पायांवर आपटला. मांडीएवढा लांब आणि दात असे की मी पाय बाकावर घेतले.

काठावर आलो तेव्हा दादाची होडी रिकामी परतली होती. सगळे जमले. सेठीनं फोन काढला आणि सवयीनं म्हणाला, "आइए विलासजी, पकड़िए, फोटो ले लें।" आणि माझा भाऊ पुढं आला. दोन्ही हात पुढं करून. त्याच्या मनात काही कपट नव्हतं, हेच जास्त संतापजनक होतं. मासा आला की तो दादाच्या हातात द्यायचा, हे तळ्यालासुद्धा पाठ झालं असावं.

वहिनीनं मासा उचलला. दादाच्या हातांवरून वळवून तो तिनं माझ्या हातांत ठेवला. सोललेल्या तळहातांना तो बुळबुळीत अंगाचा मासा झोंबला.

"फोटो इनका लीजिए, सेठीजी," ती म्हणाली. "नाव इन्होंने चलाई है।"

मग ती बाजूला झाली आणि दोरी गुंडाळायला लागली. दादाचे हात तसेच पुढं राहिले होते, ते त्यानं सावकाश खाली घेतले. सेठीनं फोटो काढला. त्यात मी कुणाचा तरी खून करून आल्यासारखी दिसते, असं सगळे म्हणतात. असू दे.

गाडीतून परत निघालो. मल्ली डिकीत होती, मोटरच्या बॅटरीशेजारी. गुडगावच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा दादानं आरशातून मागं बघितलं.

"सुनीती," तो म्हणाला, "भिंतीवरच्या एवढ्या फोटोंत तू कुठंच नाहीस, नाही का?"

वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

"एकात कोपर आहे," ती म्हणाली.