वाघाचं गोंडी नाव

देवरीकडच्या जंगलातल्या शाळेत मी गोंडी विषय शिकवायला लागले, तेव्हा ती भाषा मीही नव्यानेच शिकत होते. एका दुपारी फळ्यावर प्राण्यांची गोंडी नावं लिहिली. मुलं माझ्यामागून मोठ्याने म्हणत होती, पण वाघाच्या नावाशी अख्खा वर्ग गप्प झाला. एका मुलीने उठून तो शब्द तळहाताने पुसून टाकला.

"का गं पुसलास?"

"मॅडम, त्याचं नाव मराठीत घ्या. त्याले गोंडी समजते."

मी हसले आणि तो शब्द पुन्हा मोठ्याने म्हटला. तेवढ्यात जंगलाच्या कडेला वानरं ओरडू लागली. मुलांनी न सांगता दारं-खिडक्या लावून घेतल्या.

संध्याकाळी आम्ही बाहेर आलो. ओल्या मातीत उमटलेले मोठे पंजे आमच्या वर्गाच्या खिडकीपर्यंत आले होते.