सेबोलेलोचा डरबनमधला नाताळ

सेबोलेलोचे बाबा ईस्टरला उभ्या उभ्या यायचे आणि नाताळात मुक्कामाला. बाकीचं वर्ष ते वेल्कमजवळच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीच्या पोटात, दगडाला भोकं पाडायचं मशीन धरून उभे असायचे. क्वाक्वाच्या डोंगरात आई आणि धाकट्या काबेलोबरोबर राहणाऱ्या सेबोलेलोला त्यामुळे बाबा पाहुण्यासारखेच वाटत. ते आले की पहिले दोन दिवस ती दाराआडून बघायची, तिसऱ्या दिवशी गळ्यात पडायची.

यंदा तिसरा दिवस आलाच नाही. बाबांनी आल्या आल्या जाहीर केलं, की नाताळ डरबनला करायचा, मावशीकडे, आणि पोरांना समुद्र दाखवायचा. गल्लीत बातमी फिरली, आईनं सगळ्यांचे कपडे धुऊन इस्त्री केले. पण सेबोलेलो काही विचारायला गेली की बाबा भलतीकडेच बघत. दोनदा हाक मारली तर एकदा वळत, आणि वळले तरी नुसते हसत. पोरीनं मनाशी ताडलं, की हे गणिताचं आहे. ती यंदा गणितात काठावर पास झाली होती, आणि प्रगतिपुस्तक आईनं बाबांच्या हातात दिलेलं तिनं पाहिलं होतं.

मिनीबसमध्ये ती बाबांना खेटून बसली. घाट उतरताना झुंजूमुंजू झालं आणि तिला राहवेना.

"बाबा, समुद्र रात्रीसुद्धा वाजत राहतो का?"

बाबा काही बोलले नाहीत. तिनं बाही ओढून पुन्हा विचारलं.

"हो, हो," बाबा म्हणाले. "पाव घेतलाय आईनं."

काबेलो खो खो हसला. सेबोलेलो खिडकीकडे तोंड करून बसली ती डरबन येईपर्यंत.

डिसेबोमावशी डरबनच्या कडेला, उम्लाझी वस्तीत राहायची आणि शहरातल्या एका हॉटेलात खोल्या आवरायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. उंबऱ्यातच ती म्हणाली, "या दाजी. मला वाटलं, डरबन बघायला पोरं म्हातारी होऊनच येतील." बाबा हसले. "अगं ताई, हे नुसते हसतातच का? की जीभ खाणीतच ठेवून आले?" आई म्हणाली, "दमलेत गं. बसू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी सगळे जण शहर बघायला निघाले. सेबोलेलोच्या पायाला भिंगरी लागली होती. मत्स्यालयातल्या काचेच्या बोगद्यात शार्क डोक्यावरून गेला तरी ती थांबली नाही. बंदरातली जहाजं पाहून झाली, नाताळचे दिवे लावलेली दुकानं पाहून झाली, लिचीचा घोस अर्धा खाऊन झाला, आणि प्रत्येक ठिकाणाहून तिला पुढच्या ठिकाणी जायचं होतं. आई म्हणाली, "अगं, पैसे देऊन आत आलोय, बघ तरी." पण तिचं अर्धं लक्ष बाबांकडे होतं. ते काबेलोला खांद्यावर घेऊन तिच्या मागून शांतपणे चालत होते. काबेलो वरून बोटं दाखवायचा आणि बाबा तिकडे बघायचे. त्याच्याशी बरं जमतं, तिला वाटलं. तो अजून शाळेत जात नाही ना.

किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर डोक्यावर मण्यांचा मुकुट आणि बैलाची शिंगं घातलेला रिक्षावाला हातरिक्षा ओढत, उड्या मारत आला. त्यानं शिट्टी फुंकली तशी माणसं बाजूला झाली. बाबा मात्र मधोमध चालत राहिले. रिक्षाचा दांडा त्यांच्या पाठीला लागणार तेवढ्यात आईनं दंड धरून ओढलं.

"मोठे साहेब झालेत," मावशी म्हणाली. "रस्ता विकत घेतलाय."

आई हसली नाही. दंड तिनं बराच वेळ सोडला नाही.

नाताळच्या दिवशी सकाळी चर्च झालं, आणि दुपारी वाळूवर अर्धा देश लोटला. छत्र्या, पातेली, गाणी, ओले टॉवेल. पाय ठेवायला जागा नाही. पोरं हरवतात म्हणून पिवळ्या जाकिटातल्या बायका प्रत्येक मुलाच्या मनगटाला नाव आणि फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधत होत्या. सेबोलेलोनं पट्टी बांधून घेतली आणि सारखी फिरवत बसली. मावशीनं आतून कोरलेल्या पावात भरलेली झणझणीत मटणाची आमटी आणली होती. सेबोलेलोला ती जाईना.

"आता तुला काय झालंय?" आईनं विचारलं.

"बाबा कुठायत?"

बाबा पाण्यात होते. गुडघाभर, मग कमरेएवढ्या. पोहता येत नसलेला माणूस, पण खाणीत वर्षानुवर्षं राहिलेल्याला मोकळं पाणी बघून भान राहिलं नसावं. ते लाटांकडे तोंड करून पुढे पुढे चालले होते, आणि पाणी त्यांना हळूहळू बाजूला, पोहण्याची जागा आखणाऱ्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या बाहेर ओढत नेत होतं.

उंच खुर्चीवरच्या जीवरक्षकानं शिट्टी मारली. पाण्यातली सगळी डोकी एकदम मागे वळली. पोरं वळली, म्हाताऱ्या वळल्या, पार लांबचा फळीवर झोपलेला पोरगासुद्धा वळला. एक डोकं तेवढं वळलं नाही. जीवरक्षकानं पुन्हा फुंकली, लांबलचक. जवळ कोणीतरी म्हणालं, "प्यायलाय. दरवर्षी एक असतोच."

पाव, रिक्षा, हाका, सगळं एका क्षणात सेबोलेलोच्या डोक्यात जागेवर बसलं. ती धावत सुटली. कोणाच्या पातेल्यात पाय पडला, कोणी शिवी दिली. पाणी छातीला लागेपर्यंत ती गेली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, आणि ओरडताना तिला कळत होतं की उपयोग नाही. तेवढ्यात एक लाट बाबांच्या डोक्यावरून गेली आणि ते दिसेनासे झाले.

दोन जीवरक्षक फळी घेऊन पाण्यात शिरले. त्यांनी बाबांना काखेत धरून बाहेर आणलं. बाबा वाळूवर ओणवे होऊन खोकत होते, नाकातोंडातून पाणी येत होतं. त्यातला तरुण जीवरक्षक संतापला होता.

"घसा सुकला शिट्टी मारून. बहिरे आहात का तुम्ही?"

बाबा त्याच्याकडे बघून हसले. तेच हसू. सेबोलेलोनं ते ओळखलं.

"हो," ती म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. आई खाली बसली, टॉवेल बाबांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

"कधीपासून?" ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं एकच कान गेलाय."

बाबांनी वाळूकडे पाहिलं. "दोन्ही. मागच्या नाताळापासून. खाणीत कानांची तपासणी असते, त्या दिवशी मी काही ना काही निमित्त काढतो. कळलं तर मशीनवरून काढतील."

"म्हणून मरायचं?" आई म्हणाली.

सेबोलेलोला रडू यायला हवं होतं, आला राग. "मला सांगायचं तरी. मला वाटलं गणितावरून रागावलात."

"काय म्हणालीस? इकडे तोंड कर."

ती समोर गुडघ्यावर बसली आणि पुन्हा म्हणाली.

"कुठलं गणित?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं; प्रगतिपुस्तक त्यांनी न उघडताच पेटीत ठेवलं होतं. मग ते म्हणाले, "तुझा आवाज बारीक आहे गं. बारीक आवाज आधी जातात. मशीनचा अजून येतो, तुझा नाही येत. आल्यापासून तुझे ओठ बघतोय, पण तू एका जागी उभी कुठे राहतेस?"

उरलेले दिवस ती त्यांच्यासमोर उलटी चालली. लोकांवर आदळली, एकदा दिव्याच्या खांबावरही आदळली. मावशीनं टोमणे सोडले नाहीत, फक्त आता ती ते दाजींच्या समोर येऊन, तोंड मोठं करून मारायची, आणि बाबा त्यांना उत्तरंही देऊ लागले. "डिसेबो, तुझं बोलणं कळत नव्हतं तेव्हा तू जास्त गोड होतीस," ते म्हणाले, तेव्हा मावशीनं हसत त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

जानेवारीत आई बाबांबरोबर वेल्कमला गेली. काय बोलणी झाली ते पोरांना कोणी सांगितलं नाही. आई चार दिवसांनी परतली ती थकून, पण तिचा चेहरा हलका होता. बाबांची तपासणी झाली, मशीन सुटलं, आणि त्यांना वर दिव्यांच्या खोलीत नेमलं. खाली उतरणाऱ्यांना टोपीवरचे दिवे द्यायचे, वर आले की परत घ्यायचे. पगार उतरला. कानामागे लावायचं यंत्र मिळालं, ते कुंई कुंई करतं म्हणून बाबा पहिले काही महिने खिशातच ठेवत.

फोनवर बोलणं तर बंदच झालं होतं. मग सेबोलेलो आईच्या फोनवरून लिहायला लागली. शाळा, काबेलोचे पडलेले दात, गणित. उत्तर कधी लगेच यायचं, कधी दोन दिवसांनी, आणि तोवर ती घरभर फेऱ्या मारायची. आई म्हणायची, "बस गं एका जागी." ती बसायची नाही. मग फोन वाजायचा.

"जेवलो," बाबांनी लिहिलेलं असायचं. "दिवे सगळे परत आले. तू काय करतेस?"