विंगेतली पिंक

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मी कोल्हापुरातल्या एका चित्रकला महाविद्यालयात शिकवत होते. आमची शेवटच्या वर्षाची मुलं प्लास्टरचं नाक इतकं हुबेहूब काढायची, की त्याला सर्दी होईल असं वाटावं. पण शिक्षण संपल्यावर ही मुलं करणार काय, हा प्रश्न कुणाला पडायचा नाही. फार तर शाळेत ड्रॉइंग मास्तर होतील, असं त्यांच्या घरचे म्हणायचे. म्हणून मीच दारोदार हिंडायला लागले. आमच्या मुलांना थोडे दिवस तुमच्या हाताखाली घ्या, काम कसं चालतं ते बघू दे, एवढंच मागणं. मंगळवार पेठेतल्या एका छापखान्याच्या मालकानं सरळ सांगितलं, "पोरं घेतो, पोरी नगो. पोरी आल्या की कामगार काम सोडून बघत बसत्यात." निदान खरं तरी बोलला.

खोटं गोड असतं हे मला पुढच्या दारात कळलं. एका सांस्कृतिक संस्थेचं स्वतःचं छोटं नाट्यगृह होतं. संस्थेचे कार्यवाह पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, बोलताना डोळे मिटणारे. म्हणाले, "मॅडम, कलेची सेवा करायची संधी आम्ही तरुणांना नाही देणार तर कोण देणार? अनुभव! अनुभव महत्त्वाचा." मी भारावून घरी आले.

रंगमंचाखालच्या खोलीत जुन्या नाटकमंडळींचे रंगवलेले पडदे बांबूंना गुंडाळून पडले होते. जंगलाचा, रस्त्याचा, राजवाड्याचा. ते साफ करून जमतील तेवढे दुरुस्त करायचे, असं ठरलं. माझ्या वर्गातली सहा मुलं तयार झाली. त्यांत पेठ वडगावची एक मुलगी होती. वडिलांचं तिथं गुळाचं अडत दुकान. रोज एसटीनं यायची, उंच, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्यानं दोन पावलं मागं सरकावं.

खोलीचं दार उघडलं तेव्हा वास अंगावर आला. उंदरांच्या मुताचा, वटवाघळांच्या विष्ठेचा, कुजलेल्या कापडाचा. एक मुलगा बाहेर पळाला आणि ओकला. वडगावच्या मुलीनं ओढणी नाकाला बांधली, आत गेली आणि म्हणाली, "मॅडम, घाण वरच हाय. खाली रंग हाय की."

रंग होता खरा. सरसात कालवलेल्या भुकटीचा. असल्या रंगाला पाणी लागलं की तो ओघळतो, म्हणून सगळं काम कोरडं. मऊ ब्रशनं झटकायचं, मळलेल्या कणकेच्या गोळ्यानं टिपायचं, फाटलं असेल तिथं मागून कापड चिकटवायचं. आठवड्यांमागून आठवडे मुलांनी तेच केलं. हळूहळू राजवाड्याचे खांब दिसायला लागले, मग झुंबर, मग संगमरवरी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर वडगावची मुलगी किती दिवस पालथी पडून होती. सावलीच्या रेघा तिनं एकेक करून परत आणल्या. मी चुकून चप्पल घालून जवळ गेले तर मलाच ओरडली, "मॅडम, पाय!"

या सगळ्या दिवसांत कार्यवाह खाली एकदाही उतरले नाहीत. मुलांना मात्र वर बोलवायचे. खुर्च्या लावा, सतरंज्या झटका, पाहुण्यांना चहा द्या. मी तक्रार केली तेव्हा डोळे मिटून म्हणाले, "हाही अनुभवच की, मॅडम." पुढं पुढं तो शब्द ऐकला की माझं तोंड आंबट व्हायचं.

संस्थेचा वर्धापनदिन आला. राजवाड्याचा पडदा रंगमंचावर टांगायचा आणि तो कसा वाचवला हे मुलांनी लोकांना सांगायचं, असा शब्द मला मिळाला होता. संध्याकाळी जाऊन बघते तो मुलींना नऊवारी नेसवून दारात गुलाबपाणी शिंपडायला उभं केलेलं आणि मुलगे पार्किंगमध्ये. पडदा टांगला होता, पण त्याबद्दल कार्यक्रमपत्रिकेत चकार शब्द नाही. मी जाब विचारला तर म्हणाले, "पाहुण्यांना वेळ कमी आहे."

पाहुणे म्हणजे कुठल्याशा मोठ्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांना विंगेत, पडद्याच्या कडेशी उभं केलं होतं. मी आणि वडगावची मुलगी पलीकडच्या विंगेत होतो. ती पडद्याची दोरी नीट आहे का बघायला आली होती. निवेदकानं पाहुण्यांची थोरवी सांगायला सुरुवात केली. पाहुण्यांच्या गालात पान होतं. नाव पुकारल्यावर त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, मान वळवली आणि पच्चकन थुंकले. पडद्यावर. पायऱ्यांवर. मग रुमालानं ओठ टिपून, हात जोडत प्रकाशात गेले. टाळ्या वाजल्या.

लाल पिंक संगमरवरावरून सावकाश खाली येत होती. आजही मला कुणी पानाचा विडा पुढं केला तर मी हात मागं घेते.

कार्यवाहांनी पाहिलं होतं. त्यांनी शिपायाला खूण केली आणि तो ओलं फडकं घेऊन धावला. वडगावची मुलगी पडद्यामागून पळत सुटली. "पाणी लावू नगासा! ओ मामा, पाणी नगो!" पण बाहेर भाषण चालू होतं, तिचा आवाज त्यातच गेला. फडकं फिरलं. दोनदा, तीनदा. पिंक गेली आणि तिच्याबरोबर पायऱ्याही गेल्या. गुलाबी चिखलाचा एक पट्टा राहिला.

ती तिथंच उभी राहिली. भाषण संपवून पाहुणे विंगेत परतले, तशी ती त्यांच्या वाटेत आली.

"पावणं, हितं थुकलासा तुमी."

पाहुणे थबकले. "काय?"

"थुकलासा न्हवं? मग बघा की काय झालंय ते. मान वळवून बघा."

त्यांनी पडद्याकडं पाहिलंच नाही. हिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसले. "कुणाची रं ही? लई तिखट हाय की!" भोवतीची माणसंही हसली. कार्यवाहही. थुंकण्यापेक्षा ते हसणं मला जास्त किळसवाणं वाटलं.

पाहुणे गेल्यावर कार्यवाह माझ्याकडं वळले. या खेपेला डोळे उघडे होते. "मॅडम, तुमच्या मुलींना रीतभात शिकवा. आम्ही अनुभव द्यायला घेतलं होतं, अपमान करून घ्यायला नाही."

"तो पडदा गेला," मी म्हणाले.

"जुना तर होता."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. मुलीनं आणि मी माफी मागावी असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हणाले. मुलगीही नाही म्हणाली. मग प्राचार्य स्वतःच हार-नारळ घेऊन माफी मागायला गेले आणि आल्यावर शिक्षकांच्या खोलीत समाधानानं चहा प्याले. मी कप तसाच ठेवून उठले.

मुलीचे वडील वडगावहून आले. कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला पांढरी टोपी, खुर्चीच्या कडेला बसले. पोरीचं शिक्षण बंद होतंय, असंच मला वाटलं.

"बाई, तिचं काय चुकलं का?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच सांगते. तिचं काही चुकलं नाही."

"आमच्या अडतीत हमाल बी पिंक टाकायला डबा बघतोय," ते म्हणाले. "पर आता त्या दारात न्हाय जायची ती. दुसरीकडं कुठं बी लावा." बाहेर जिन्याशी उभ्या असलेल्या मुलीला ते म्हणाले, "चल, घरी तुझी अव्वा वाट बघत्या." तीही मुकाट्यानं गेली. ती मुकाट्यानं काही करते आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

त्या संस्थेशी मी संबंध तोडला. पुढं नूतनीकरणात उरलेले पडदे कुठं गेले ते कुणी सांगत नाही. मुलीला मात्र उचगावला एका शेडमध्ये काम मिळालं. तिथं लग्नाच्या स्टेजचे देखावे तयार व्हायचे. मालक फाटक्या तोंडाचा, पण पहिल्या दिवशी तिच्या हातात करवत देऊन एवढंच म्हणाला, "बोटं मोजून घे, जाताना बी तेवढीच पायजेत."

दोन हजार सालानंतर मालक थकला आणि शेड तिनंच चालवायला घेतली. माझ्या वर्गातली मुलं तिथं शिकायला जाऊ लागली. एकदा मी बघायला गेले. तापलेल्या तारेनं थर्माकोल कापल्याचा वास घशात बसत होता. गुलाबी आणि सोनेरी रंगाचा राजमहाल, खांबांवर चमकी, कमानीवर प्लास्टिकचे मोर. मला शिसारी आली, आणि ती लपवता आली नाही. सरसाचा रंग ओळखणाऱ्या पोरीला या गावानं शेवटी हे दिलं.

तिनं माझा चेहरा वाचला. "मॅडम, मला बी आवडत न्हाय," ती म्हणाली. "पर गिऱ्हाइकाला आवडतंय. आणि हितं मला कुणी हसत न्हाय."

मग ती वळली आणि माझ्याच एका विद्यार्थ्यावर कडाडली, "आरं, कमान वाकडी झाल्या! डोळं हायत का बटणं?" तो घाबरून मोजपट्टी शोधायला लागला. मला म्हणाली, "वाईच बसा. हे आज संध्याकाळी इचलकरंजीला जायचंय."

बसायला दुसरं काही नव्हतं. नवरा-नवरीच्या एका सिंहासनावरचा भुसा पदरानं झटकून मी बसले.