राबावरचा नाच

साखरेचा आजार निघाला तवा मी गावभर सांगत सुटलो, "आता माज्याशी गोड बोलू नका, माज्यात भरपूर हाय." लोक हसले. गोळ्या आठवन झाली तर खायचो.

मंग राब भाजायचे दिवस आले. भाताचं रोप जिथं करायचं तिथं आमी शेण नि पालापाचोळा पसरून पेटवतो. राब विझत आलेला. भाऊ म्हनला, "धग हाय रं अजून, चपला घालूनच जा." मी व्हत्या त्या चपला काढल्या नि राखेतून आरपार गेलो. चटका नाय, काय नाय. मंग नाचूनच दाखवलं. "बगा रं, इस्तव घाबरतो मला!" मला खरंच वाटलं, आपला पाय लय काटक.

घरी येऊन पडवीत आडवा झालो. बायको पायाशी आली नि थांबली.

"अवो, ह्ये काय? तळव्याची कातडी सुटलीय. दुखत नाय तुमाला?"

"नाय गं," म्हनलो, नि म्हनता म्हनताच राबावरचा नाच आठवला. माजा पाय भाजला नि मालकालाच खबर नाय. वर नाचत व्हता येडा.

खालापूरच्या डॉक्टरनं पट्टी बांधली. "साखरेनं पाय बधिर झालेत, काका. जखम भरली तर बरं. चरत गेली तर पाय काढायला लागंल."

मी म्हनलो, "मंग चप्पल एकच घ्यायची."

कुनी हसलं नाय. बायको भिंतीकडं बगत बसली. तवा माजं मला कळलं, मी इनोद करतो म्हंजे कुनी पुढं इचारू नये. मी सोताला पन कदी इचारलं नव्हतं.

आता रोज ऊन हाय तवर ती माजा पाय मांडीवर घेती. मला माजा तळवा दिसत नाय, मधी पोट येतं. मी फकस्त तिचं तोंड बगत ऱ्हातो. ती जेवडा येळ गप, तेवडा येळ माजा जीव टांगनीला.

काल लय येळ गप व्हती.

"बोल की गं."

"कड लाल दिसतीय."

"परवापेक्षा?"

ती परत वाकली. बोटानं दाबलं असंल, मला कळलं नाय. "तुमीच काय तरी बोला ना," ती म्हनली, "रोज तर बडबड करता."

तोंडाशी एक इनोद आला व्हता. गिळला.

"मला भ्या वाटतंय," म्हनलो. "उद्या दवाखान्यात जाऊ. तू चल संगती."